कायद नासिरची पत्रं

पुढच्या दाराची घंटा वाजली तेव्हाच सफियाला वाटलं, काही चांगली बातमी नाही. मुकबिल हाजींच्या बोर्डिंगात आजवर जो कोणी खलाशी राहिला तो मागच्या अंगणातून आला आणि मागच्याच अंगणातून जहाजावर गेला. पुढचं दार पोलिसांसाठी, डॉक्टरसाठी आणि नगरपालिकेच्या त्या साहेबासाठी, जो गेल्या महिन्यात येऊन घर पाडण्याची नोटीस हातात ठेवून गेला होता.

"बघ गं तूच," आई स्वयंपाकघरातून ओरडली. "माझे हात पिठात आहेत. आणि तो मेला साहेब असला तर सांग, सोमवारी म्हणालात ना, मग सोमवारीच या. शुक्रवारी भरल्या ताटावरून कुणी कुणाला उठवत नाही."

आईचं माहेरचं नाव एलन. हाजींशी लग्न लागलं तेव्हा ती हलीमा झाली, पण त्याला चाळीस वर्षं झाली तरी विलायतेतल्या साउथ शील्ड्स बंदराच्या त्या गल्लीत तिला सगळे एलनच म्हणत. आज घरातला शेवटचा शुक्रवार. मशिदीतून सगळे परतले की एकत्र जेवायचं, मग उद्यापासून सामान हलवायचं, असं तिनेच ठरवलं होतं. लढाईच्या दिवसांत चाळीस माणसं जेवून उठायची त्या लांब टेबलावर आज ताटं मोजून पाच होती. हाजी, एलन, सफिया, तिचा भाऊ युसूफ आणि घरातला शेवटचा बिऱ्हाडकरू कायदकाका.

सफियाने दार उघडलं. बाहेर बावीसएक वर्षांचा एक पोरगा उभा होता. डोक्याला लोकरीची टोपी, काखेत कापडाचं गाठोडं, आणि पायातले बूट इतके नवे की त्याला ते चावत असणार. त्याने सलाम केला. बोली थेट एडनमागच्या डोंगरातली, हाजी रागावले की ज्या बोलीत बोलायचे तीच.

"हाजी मुकबिलांचं घर हेच ना? माझं जहाज काल इथे लागलं. मी लबीब. कायद नासिरचा मुलगा."

सफिया म्हणाली, "थांब हं," आणि तिने दार लावून घेतलं.

पाहुण्याच्या तोंडावर दार लावायचं! या घरात भुकेला आलेला परका माणूससुद्धा कधी उंबऱ्यावर ताटकळला नव्हता. तरी ती तशीच स्वयंपाकघरात गेली. कायदकाका खुर्चीत बसून टोमॅटो चिरत होते. सफियाने त्यांच्याकडे पाहिलं आणि आईला म्हणाली, "लबीब आलाय."

कायदकाकांच्या हातातली सुरी थांबली.

आता कायदकाका म्हणजे कायद नासिर नव्हेत, हे त्या घरात चौघांना ठाऊक होतं आणि पाचवे ते स्वतः. त्यांचं खरं नाव अब्दो गालिब. सन एकेचाळीसच्या मार्चमध्ये अब्दोने एका जहाजावर आगवाला म्हणून, बॉयलरला कोळसा घालायला, सही केली होती. त्याआधीच्या वर्षी त्याच्या पायाखालचं जहाज बुडालं होतं आणि तो सहा तास पाण्यात होता. नवं जहाज सुटण्याच्या दिवशी सकाळी तो अंगणातल्या संडासात शिरला आणि आतून कडी लावून बसला, तो काही केल्या निघेना. हाजींनी जहाजाच्या इंजिनिअरला दहा आगवाले कबूल केलेले, आणि हाजींचा शब्द म्हणजे बंदरात दगडावरची रेघ. सह्या आदल्या दिवशीच झालेल्या, भरती कुणासाठी थांबणार नव्हती. मग हाजींनी अब्दोचं खलाशाचं पुस्तक, नाव आणि फोटो असलेलं, उचललं आणि पंधरा दिवसांपूर्वी डोंगरातून आलेल्या कायद नासिरच्या हातात ठेवलं. "अब्दो गालिब अशी हाक आली की हो म्हण. फोटोकडे कोण बघतंय? त्यांना आपण सगळे सारखेच दिसतो." कायद हसला आणि गेला. तिसऱ्या दिवशी ते जहाज बुडालं. बुडालेल्यांच्या यादीत नाव आलं अब्दो गालिब.

लढाईच्या दिवसांत दुसऱ्याच्या पुस्तकावर माणूस पाठवला म्हणून हाजी तुरुंगात गेले असते आणि घराला कुलूप लागलं असतं. म्हणून सगळे गप्प बसले. अब्दो गालिबसाठी मशिदीत गायबाना जनाज्याची, म्हणजे मयत समोर नसतानाची, नमाज झाली, आणि ती चालू असताना अब्दो गालिब माडीवर पलंगाखाली तोंड दाबून रडत होता. कायदचं पुस्तक घरात पडून होतं. पुढे तेच त्याला मिळालं.

आणि पत्रं? पत्रं सफिया लिहायची. बोर्डिंगात अर्ध्याहून जास्त माणसं निरक्षर. सफिया मशिदीच्या शाळेत अरबी शिकलेली, पंधरा वर्षांची, टपोऱ्या अक्षराची. कुणाच्या बायकोला, कुणाच्या म्हाताऱ्याला, सगळ्यांना तीच लिहायची. कायदच्या बायकोचं, वर्दाचं पत्र आलं, तेव्हा हाजी म्हणाले, "आत्ता लिही, खुशाल आहे म्हणून. लढाई संपली की बघू." लढाई संपली. बघितलं कुणीच नाही.

"किती वेळ उभा ठेवणार आहात त्याला?" एलनने हात धुतले. "एवढं पत्ता शोधत आलंय ते पोर."

"जरा थांब, आई." युसूफ बाहेरून आलाच होता. त्याच्या मागे हाजी, काठी टेकत. युसूफ गोदीत क्लार्क, मशिदीच्या कमिटीवर, बोलायला भारी गोड. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एका दमात निकाल दिला. "यात अवघड काय आहे? पोराने बापाला कधी पाहिलेलं नाही. तो पोटात असतानाच कायद निघाला होता. काका बावीस वर्षं कायद नासिर आहेत, अजून दोन तास राहतील. जेवू घालू, मिठी मारू, बोटीवर पोहोचवू. संपलं."

"संपलं काय?" सफिया म्हणाली.

"मग काय करू या? पुस्तक खोटं, नाव खोटं, हे बाहेर पडलं तर काकांना उचलून एडनच्या बोटीत बसवतील. सत्तरीला आलेत ते. तिथे त्यांचं कोण आहे? आणि बाबा? येत्या रविवारी मशिदीत सगळे जमणार आहेत, बाबांचे आभार मानायला. त्यांनी किती जणांना जेवू घातलं, किती जणांना कामाला लावलं, ते सांगायला. तिथे हे सांगू?"

हाजी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून जमिनीकडे बघत होते.

"युसूफ बरोबर बोलतोय," एलन म्हणाली. म्हणताना तिने सफियाकडे पाहणं टाळलं. "मेलेला काही परत येत नाही, बाई. जिवंत आहे त्याला तरी वाचवू. अब्दो, तू काय म्हणतोस?"

अब्दोने सुरी खाली ठेवली. "मी काय म्हणणार? मी त्या दिवशी कडी काढली असती तर ही वेळ आली असती का? तुम्ही म्हणाल तो मी."

सफियाला अब्दोची कीव आली आणि स्वतःची चीड आली. कारण युसूफचं बोलणं ऐकून तिच्याही छातीवरचं ओझं उतरलं होतं. निभावून जाईल, असं तिला वाटलं होतं. तिचं एक पापही त्यात झाकलं जात होतं, ते बाकी कुणाला माहीत नव्हतं एवढंच.

दार उघडलं तेव्हा लबीब होता तसाच उभा होता. रागावल्याची खूणसुद्धा चेहऱ्यावर नाही. "घर आवरत होतात का?" त्याने विचारलं. आत येऊन त्याने हाजींचा हात कपाळाला लावला. मग युसूफ म्हणाला, "हे बघ, हे तुझे वडील," आणि पोरगा अब्दोच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसला. त्याने अब्दोच्या गुडघ्यांना ओठ टेकवले, एकदा या, एकदा त्या. अब्दोचा हात त्याच्या डोक्यावर ठेवायला म्हणून उठला आणि तिथपर्यंत पोहोचलाच नाही.

"दुखतात का अजून?" लबीबने वर बघत विचारलं. "दर पत्रात गुडघ्यांचं असायचं. आईने त्यावर तेल दिलंय, तिळाचं, आमच्या घाण्यावरचं."

अब्दोचे गुडघे धडधाकट होते. गुडघे सफियाने घातले होते, एका थंडीत, पत्र फार कोरडं वाटतंय म्हणून. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवण वाढलं. मटणाचा रस्सा, वर मेथीचा फेस, तव्यावरच्या रोट्या. लबीब पोटभर जेवला आणि मोकळेपणाने बोलला. त्याला बोलायचंच होतं. कोणती विहीर आटली, कोणत्या चुलत्याने कोणता बांध सरकवला, वर्दाने दोन शेतं एकटीने कशी राखली. एलन मध्येच म्हणाली, "तुझ्या आईचे हात कणखर दिसतात," आणि तो म्हणाला, "हात नाही, जीभ. गावात तिच्या तोंडाला कोणी लागत नाही." सगळे हसले. अब्दोसुद्धा हसला. युसूफने सफियाकडे बघून भुवई उडवली, जणू म्हणत होता, बघ, होतंय की नाही.

मग लबीबने रोटीचा तुकडा ताटात ठेवला.

"बाबा, मी इथे राहायला आलो नाही. परवा बोट सुटते. मला एकच गोष्ट विचारायची आहे, आणि ती मी घरात कुणाला सांगून आलेलो नाही. विचारू?"

"विचार," अब्दो म्हणाला.

"तेरा वर्षांमागे आईने तुम्हाला लिहिलं होतं, यायचं नसेल तर सोडून द्या. तिचा मामेभाऊ विधुर झाला होता, भला माणूस, मला खांद्यावर घेऊन बाजारात न्यायचा. तो हो म्हणाला होता. ती तीस वर्षांचीही नव्हती. ते पत्र तिने आमच्या गावच्या मशिदीतल्या फकीहाकडून लिहून घेतलं, रडत रडत. तुमचं उत्तर आलं तेव्हा सगळं गाव ऐकायला बसलं होतं. तुम्ही लिहिलंत, थांब. मी येतो, माझं तुझ्यावर मन आहे, थांब. ती थांबली. मामाने दुसरी केली. ती अजून थांबलीये, बाबा. यायचं नव्हतं तर का थांबवलंत तिला?"

अब्दो हाजींकडे वळला. पण हाजींनाही हे माहीतच नव्हतं. त्या वर्षी ते आजारी होते. "काहीतरी लिहून टाक," एवढंच ते म्हणाले होते. अब्दोला तर पत्रं कधी वाचूनही दाखवली जात नसत, त्याला ती सोसत नसत. त्या टेबलावर या प्रश्नाचं उत्तर असलेला माणूस एकच होता.

युसूफ पुढे सरसावला. "अरे, त्या काळात सगळीच परिस्थिती अशी होती..."

"ते मी लिहिलं," सफिया म्हणाली.

"सगळी पत्रं तुम्हीच लिहायचात, ताई, ते कळलंच मला. खाली तुमचा सलाम असायचा. पण सांगितलं तर यांनीच ना?"

"नाही. कुणीच सांगितलं नाही. मी मनाने लिहिलं."

"सफिया," युसूफ म्हणाला, "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? काकांचा तरी विचार कर."

"गप्प बस, युसूफ," एलन म्हणाली. तिने खुर्ची सफियाजवळ ओढून घेतली. "बोलू दे तिला. बावीस वर्षं मी तिला बोलू दिलं नाही, आता बोलू दे."

तर सफिया बोलली. जहाज, पुस्तक, कडी, यादी, सगळं. सरळ सांगत गेली, कुठे रडली नाही, कारण रडायचा हक्क आपला नाही असं तिला वाटत होतं. अब्दो गालिब हे नाव तिने घेतलं तेव्हा अब्दो खुर्चीतून खाली सरकला आणि पोराच्या पायाशी बसला.

"मीच तो," तो म्हणाला. "तुझा बाप माझ्या जागी गेला. मी भ्यालो होतो, पोरा. दुसरं काही कारण नाही."

"पुस्तक मी दिलं," हाजी म्हणाले. आल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य. "त्याने विचारलं होतं, हाजी, यात काही वावगं नाही ना? मी म्हटलं, नाही."

लबीबने अब्दोला उठवलं नाही आणि ढकललंही नाही. तो सफियाकडेच बघत होता.

"थांब असं का लिहिलंत?"

हेच सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. बाकी सगळं हाजींवर, लढाईवर, नशिबावर लोटता येत होतं, हे कुणावर लोटता येत नव्हतं.

"तुझ्या आईला दुसऱ्याशी लग्न करायचं होतं तर कायदने तिला सोडायला हवं होतं," ती म्हणाली. "मेलेला माणूस तलाक कसा देणार? खोटा तलाक मी लिहिला असता तर ते पाप, असं मी मनाला सांगितलं. पण ते खरं नाही, लबीब. मला तुझ्या आईची पत्रं हवी होती. मी चोवीस वर्षांची, या स्वयंपाकघरात. मला कुणाचं पत्र येत नव्हतं. ती मला लिहायची, म्हणजे त्याला, आज पाऊस झाला, आज पोराचा दात पडला, तुमची आठवण येते. मी कायद होऊन उत्तर द्यायची आणि मला बरं वाटायचं. तिचं लग्न झालं असतं तर पत्रं थांबली असती. म्हणून लिहिलं, थांब."

एलनने एप्रनची कड तोंडाला लावली. सफियाला वाटलं, याने आता आपल्या तोंडात मारावी, बरं होईल.

लबीबने सावकाश विचारलं, "ते गेले केव्हा? तारीख."

"नऊ मार्च, एकेचाळीस."

"मी त्याच जुलैमधला." तो बोटांवर काहीच मोजत नव्हता, नुसता विचार करत होता. "आमच्यात पहिल्या मुलाला आजोबाचं नाव देतात. मला नासिर म्हणायला हवं होतं. आजी मरेपर्यंत कुरकुरत होती, हे लबीब कुठून काढलं म्हणून. आई म्हणायची, त्याच्या बापाने लिहून पाठवलंय, आता तेच राहील. बापाने दुसरं दिलंय काय पोराला? एक नाव तर दिलंय." तो थांबला. "हे नाव कुणी ठेवलं?"

"मी," सफिया म्हणाली.

"कुणाचं आहे?"

"शाळेच्या पुस्तकात पहिल्या धड्यात एक मुलगा होता. लबीब. घोड्यावर बसायचा." ती मान वर करू शकली नाही. "तुझ्या आजोबाचं नाव मला माहीत नव्हतं. म्हणजे कायद नासिर म्हणजे नासिरचा कायद, एवढं साधंसुद्धा डोक्यात आलं नाही. मी पंधरा वर्षांची होते."

"धड्यातला," लबीब म्हणाला. एकदाच.

मग तो उठला. हाजीही काठीवर भार देऊन उठले. "बाळ, त्याच्या नावाने नमाज झालेली नाही," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या नावाने झाली. रविवारी करू. मशिदीत सगळे असतील, तिथे मी उभा राहून सांगतो, कुणासाठी करतोय आणि का. मग जे व्हायचं ते होऊ दे."

"बाबा," युसूफ म्हणाला.

"होऊ दे, म्हटलं ना."

अब्दो अजून जमिनीवरच होता. तो म्हणाला, "मी पण सांगेन माझं नाव. जाऊ दे एडनला."

"रविवारी माझी बोट गेलेली असेल," लबीब म्हणाला. "आज करू. इथेच. पण पुढे मी उभा राहणार. तुम्ही मागे." त्याने खाली वाकून अब्दोच्या दंडाला धरलं आणि त्याला उभं केलं. "तुम्हीही मागे या. तुमची जागा तुम्हीच भरा."

टेबल भिंतीला सरकवलं. पुरुष ओळीने उभे राहिले, एलन आणि सफिया दाराशी. गायबाना नमाजेत वाकायचं नसतं, टेकायचं नसतं, नुसतं उभं राहायचं. लबीबने बापाचं पूर्ण नाव मोठ्याने उच्चारलं आणि हात बांधले. चार तकबिरी, चारदा अल्लाहु अकबर, आणि झालं. एवढ्याशा गोष्टीला बावीस वर्षं लागली होती.

तो टोपी घालत असताना सफिया त्याच्यामागे पुढच्या दारापर्यंत गेली. तेलाची बाटली आणि कापडाचं गाठोडं त्याने टेबलावरच ठेवलं होतं, ते परत ने म्हणायचं धाडस तिला झालं नाही.

"लबीब, तुझ्या आईला मी लिहिते. आजच. सगळं कबूल करते, माझ्या नावाने, एकही शब्द लपवत नाही. तेवढं तरी करू दे मला."

तो दाराशी थांबला. चेहऱ्यावरून पहिल्यांदाच तो बावीसचा वाटला.

"नको, ताई. मी घरी जाऊन तोंडाने सांगेन. बोट बंदरोबंदरी फिरून एडनला लागायला सात-आठ महिने लागतील, तोवर राहू दे."

"पण तिला कळायला नको का? इतकी वर्षं..."

"तिला वाचता येत नाही, पण तुमचं अक्षर ओळखू येतं," लबीब म्हणाला. "पाकिटावर ते दिसलं की ती आधी हसते. मग वाचायला कुणाला तरी शोधत जाते. त्या अक्षरात ही बातमी नको."

त्याने सलाम केला आणि तो बंदराकडे चालू लागला, नवे बूट चावत होते म्हणून जरा लंगडत. सफिया दार उघडं ठेवून उभी राहिली. आता त्या सात-आठ महिन्यांत वर्दाचं पत्र येईल तेव्हा उत्तर कोण देणार, हे विचारायचं तिला सुचलं होतं. पण ते विचारायचीच तिला लाज वाटली होती.